सोळा आण्यांची माती आणि द्राक्षाचा हिशेब

इंदापूर तालुका मुळातच कमी पावसाचा. त्यात १८३०च्या दशकात तिथल्या कुणब्यावर आणखी एक संकट कोसळले होते, ते म्हणजे प्रिंगलची पैमाष. आर. के. प्रिंगल हा पुणे जिल्ह्यातला तरुण इंग्रज अधिकारी. हेलिबरीच्या कॉलेजात माल्थससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सरकारी सारा म्हणून घ्यायचे, हे त्याचे गणित. गणितात चूक नव्हती. पण निव्वळ उत्पन्न ठरवायचे कुणी? खालच्या कारकुनांनी ते आपापल्या सोयीने ठरवले. सारा झेपेना, तशी माणसे शेते टाकून निघून गेली आणि जमिनी पडीक राहिल्या.

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याने इंदापुरात हा घोळ पाहिला आणि जॉर्ज विंगेट या लष्करी इंजिनिअरला जोडीला घेऊन मोजणी नव्याने सुरू केली. पिकाचा अंदाज बांधण्याच्या फंदात ही जोडी पडलीच नाही. त्यांनी माती मोजली. पुढे १८४७ मध्ये डेव्हिडसनसह त्यांनी लिहिलेला संयुक्त अहवाल मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचा पाया ठरला. आज दिंडोरीत किंवा तासगावात द्राक्षबाग लावण्याआधी कुणी लॅपटॉपवर उताराचा, मातीचा आणि पावसाचा थर एकमेकांवर ठेवून जमीन ‘योग्य’ की ‘अयोग्य’ हे पाहत असेल, तर त्या पद्धतीचा मराठी मुलखातला सर्वांत जुना पूर्वज इंदापूरच्या माळावर सापडतो. विंगेटच्या डोक्यात द्राक्षे नव्हती, सारा होता, एवढाच फरक.

त्याची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाला नाव आणा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे माप पुढे मराठी माणसाच्या इतके अंगवळणी पडले की मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षे उलटली तरी जमिनीचा सौदा गुंठ्यातच होतो.

मोजणी संपली की प्रतबंदीचा कारकून येई. शेताची आकृती कागदावर काढून तिच्यावर उभ्याआडव्या रेषा मारायच्या, म्हणजे शेताचे सारखे खण पडत. मग प्रत्येक खणात जाऊन जमीन उकरायची आणि खाली मुरूम किंवा खडक किती हातांवर लागतो ते पाहायचे. मातीचे तीन वर्ग होते. पहिला बारीक पोताची काळी किंवा गर्द तपकिरी माती. दुसरा जरा भरड, बहुधा तांबूस. तिसरा भुरकट, खडेमिश्रित, भुसभुशीत. काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आण्यांची. खोली कमी होत गेली की प्रतही उतरायची: चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटी दोन आणे. सगळ्या मिळून नऊ प्रती.

एवढ्यावर काम संपत नसे. दोष लिहिण्यासाठी सात-आठ खुणा ठरलेल्या होत्या. मातीत चुनखडीचे खडे असले तर एक खूण, वाळू मिसळलेली असली तर दुसरी. जमीन उतरती असेल, पावसाच्या लोंढ्याने धुपत असेल, किंवा खालून पाणी पाझरून उपळत असेल, तर त्या प्रत्येकाला वेगळी खूण. दर खुणेमागे खण एक प्रत खाली जाई. शेवटी सगळ्या खणांचे आणे मिळवून खणांच्या संख्येने भागायचे, की शेताची प्रत हातात. बागायतीचा हिशेब निराळा. तिथे विहिरीवरचे मोटस्थळ की ओढ्याकालव्याचे पाटस्थळ, हे पाहिले जाई. गावाचा पाऊस कसा आणि बाजारपेठ किती लांब, यावरून गावांचे गट पडत आणि प्रत्येक गटातला साऱ्याचा वरचा दर ठरे.

आज भूमाहिती प्रणाली शिकवणारे प्राध्यापक फळ्यावर नेमके हेच मांडतात. जमिनीचे खण पाडा, प्रत्येक खणाला खोलीचे, पोताचे, उताराचे गुण द्या, दोषांचे गुण वजा करा, सरासरी काढा, वर पाणी आणि बाजारपेठ यांचे वजन ठेवा. संगणकाला जे काम काही सेकंदांचे, ते विंगेटच्या कारकुनांनी गावोगाव उन्हात उभे राहून केले. ते साऱ्यासाठी होते, त्यामुळे त्यात लाचलुचपत आणि कुरघोडीही होतीच. दर तीस वर्षांनी फेरपैमाष करून सारा चढवण्याच्या या कारभारावर महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कोरडे ओढले आहेत. कारकुनाने आपल्या खणात एखादी दोषाची खूण जास्त घालावी म्हणून त्याचे हात ओले करणारे शेतकरी प्रत्येक तालुक्यात असणार. दोष वाढला की सारा कमी.

गंमत पुढेच आहे. ही प्रतबंदी ज्वारी, बाजरी, कापूस, गहू डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या रब्बी ज्वारीला खोल काळी माती म्हणजे कोठीच. ओल धरून ठेवते, आणि माघापर्यंत पीक त्या ओलीवर उभे राहते. द्राक्षवेलीला मात्र तीच ओल नकोशी. तिच्या मुळांना हवा लागते, पाण्याचा झटपट निचरा लागतो. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी भारी काळी जमीन तिची मुळे कुजवते आणि तोडतेही. म्हणजे विंगेटच्या कारकुनाने ज्या खणाला सोळा आणे दिले, तो द्राक्षाच्या हिशेबात फार तर दहा-बारा आण्यांचा. ज्या तांबूस, मुरमाड, मध्यम खोलीच्या खणाला त्याने सहा-आठ आण्यांवर बसवले, तिथे वेल खुशीत वाढते.

दोषांच्या खुणांचेही असेच. उतार हा ज्वारीच्या लेखी दोष होता, कारण पाणी आणि माती दोन्ही वाहून जातात. बागेसाठी हलका उतार हा गुण आहे, कारण साचलेले पाणी निघून जाते. काही दोष मात्र तेव्हाही दोष होते आणि आजही आहेत. चुनखडीची खूण असलेल्या खणात आज द्राक्ष लावले तर मोकळ्या चुन्यामुळे लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. बागायतदार दर हंगामात फेरसची पोती आणून ओततो. उपळणाऱ्या जमिनीत मुळे सडतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वहीत दोन्ही गोष्टी खणाखणाने लिहिलेल्या आहेत.

जगात अन्यत्र द्राक्षमळ्यांचे जुने नकाशे निघाले ते वेलीसाठीच. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात मार्किश द पोंबालने १७५६ पासून पोर्ट वाईनच्या टापूची हद्द आखली आणि तिच्यावर ग्रॅनाइटचे खांब रोवले. फ्रान्समधल्या बोन शहराच्या शेतकी समितीने १८६१ मध्ये बरगंडीच्या मळ्यांचा प्रतवारी नकाशा काढला. तिथे दगडी कुंपणाच्या अलीकडचा मळा आणि पलीकडचा मळा वेगळ्या दर्जाचा, हे साधूंच्या मठांनी शतकानुशतके चव घेऊन ठरवलेले होते. दख्खनेत चव घेऊन काढलेला असा नकाशा नाही. इथला नकाशा महसूल खात्याचा, आणि त्यात वेल बसवायची होती विसाव्या शतकाने.

वेल इथे नवी नव्हतीच. चौदाव्या शतकात दौलताबादेला आलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे, आणि ती वर्षातून दोनदा फळतात हेही लिहिले आहे. दख्खनच्या द्राक्षाची सगळी विद्या या एका निरीक्षणात आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, इथे ती झोपतच नाही, म्हणून माणसाला दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. एक काडी तयार करण्यासाठी, दुसरी फळासाठी.

पण ही द्राक्षे परसातली आणि बागाईतातली. पुणे-नाशिकच्या जुन्या मळ्यांत भोकरी, फकडी, साहेबी अशा बियांच्या जाती असत, आणि वेल पांगाऱ्याच्या झाडावर चढवलेली असे. पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत डॉ. गुरशाम सिंग चीमा यांनी पांढऱ्या साहेबीतून निवड करून काढलेली ‘चीमा साहेबी’ ही त्याच काळातली. नाशिक जिल्ह्यात व्यापारी द्राक्षशेतीचा उगम ओझरला १९२५ च्या सुमारास झाल्याचे सांगतात आणि श्रेय रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांना देतात. साठच्या दशकानंतर बिनबियांचे थॉमसन आले, पांगारा गेला, लोखंडी अँगल आणि तारांचे मांडव आले. मग एकरी खर्च असा वाढला की जमीन चुकली तर माणूस दहा वर्षे उठू नये.

तरीही जमीन निवडताना नकाशा कुणी पाहिला नाही. पाहिली ती विहीर. जिथे पाणी तिथे बाग. बांधावर हरळी कशी वाढते, नांगराच्या तासाला मुरूम वर येतो का, पावसानंतर किती दिवसांनी पाय रुततात, यावर जुने बागायतदार जमीन ओळखत, आणि त्यांचे ओळखणे पुष्कळदा बरोबरही निघे. निफाड तालुक्यातल्या गोदावरी-कादवेच्या काठच्या भारी जमिनीतही बागा उभ्या राहिल्या, आणि पिंपळगाव बसवंतचे नाव द्राक्षासाठी देशभर झाले. म्हणजे सोळा आण्यांच्या जमिनीत द्राक्ष येतच नाही, असे नव्हे. येते, पण तिथे माणसाला जमिनीशी झगडावे लागते. उंच बोद घालावे लागतात, चर काढावे लागतात, पाणी थेंबाने मोजावे लागते. कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्याने जमिनी जिथे खारवट, चोपण झाल्या, तिथे स्वमुळावरच्या थॉमसनच्या बागा मान टाकू लागल्या. तेव्हा १९९०च्या दशकात बागायतदारांनी कलम बांधण्यासाठी डॉगरिज हा खुंट स्वीकारला. तो मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा, कोरडवाहू. महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीला त्याने वाचवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पण खुंटाने वाचवले म्हणजे जमीन बरोबर निवडली होती असे होत नाही.

वाईनचे लोक आले तेव्हा प्रश्न पहिल्यांदा उलटा विचारला गेला: पाणी कुठे आहे हे नंतर पाहू, आधी वेलीला काय हवे? नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने शॅम्पेन पद्धतीची फेसाळ वाईन काढली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली. नव्वदच्या दशकात राजीव सामंत कॅलिफोर्नियातून परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर प्रयोग करू लागले. कॅलिफोर्नियाचा वाईनतज्ज्ञ केरी डॅमस्की त्यांच्या मदतीला आला, आणि २००० मध्ये त्यांची सुला वाईन बाजारात आली. पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या आसपास फ्रातेल्लीचे मळे झाले, दिंडोरीत शांदोंचा कारखाना आला. नाशिकच्या पश्चिमेची गवताळ, हलकी, चढउताराची जमीन, जिच्याकडे टेबल-द्राक्षाच्या बागायतदाराने ढुंकून पाहिले नव्हते, तिचे भाव वाढले ते याच काळात.

या मंडळींबरोबर परदेशी मोजपट्ट्याही आल्या, आणि इथे एक धडा मिळाला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात अॅमरीन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये एक सोपी पद्धत मांडली. एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांत रोजच्या सरासरी तापमानातून १० अंश सेल्सिअस वजा करायचे आणि उरलेल्या अंशांची बेरीज करायची. बेरजेवरून प्रदेशाला एक ते पाच क्रमांक. पाचवा सर्वांत उष्ण. जगभर याच बेरजेवर द्राक्षमळ्यांचे नकाशे निघतात. ती नाशिकला जशीच्या तशी लावली तर काय होते? एप्रिल-ऑक्टोबर हा आपल्याकडे रखरखता उन्हाळा आणि त्यापाठोपाठ पावसाळा. तो सोडून फळाचे सहा महिने, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, धरले आणि सरासरी २२ अंशांच्या आसपास मानली, तरी रोजचे १२ अंश गुणिले १८० दिवस, बेरीज २१६० अंश. पाचवा प्रदेश सुरू होतो साधारण २२०० अंशांवर. ऐन थंडीतले सहा महिने कॅलिफोर्नियाच्या सर्वांत तापलेल्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर! पूर्ण वर्षाची बेरीज करायला गेलात तर मोजपट्टीच संपते. तिच्यावर विश्वास ठेवला असता तर नाशिकला वाईनची वेल कुणी लावलीच नसती.

नाशिकला ज्याने तारले ते त्या बेरजेत दिसत नाही: सुमारे ६०० मीटरची उंची आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री. दिवस कितीही तापला तरी रात्री पारा उतरतो आणि मण्यातली आंबट चव टिकते. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीच्या लाटेत तापमान दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात, आणि मग बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू करतो, कारण तेवढ्या थंडीत मणी तडकतो. दुसरी गोष्ट पावसाची. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि ऐंशी-एक किलोमीटरवरच्या निफाडला पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यापासून पूर्वेला एकेक गाव ओलांडत जावे तसा द्राक्षाचा जुगार बदलत जातो. दख्खनेत बागेच्या जमिनीचा नकाशा काढायचा तर त्याचा पहिला थर तापमानाच्या बेरजेचा असून चालत नाही. तो पर्जन्यछायेचाच हवा.

भारतातले मातीचे शास्त्रही एव्हाना पुढे सरकले होते. १९७६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जमीन मूल्यमापनाचा आराखडा प्रसिद्ध केला, ज्यात जमीन अमुक पिकासाठी अतिशय योग्य, मध्यम योग्य, जेमतेम योग्य किंवा अयोग्य अशी मांडली जाते. त्याच वर्षी राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूर. विंगेटच्या प्रतबंदीपेक्षा या आराखड्यात एक मोठी सुधारणा होती. जमीन ‘चांगली’ की ‘वाईट’ हा प्रश्नच त्यात नाही. ‘कशासाठी चांगली?’ एवढेच विचारायचे. तीच जमीन उसाला अतिशय योग्य आणि द्राक्षाला जेमतेम योग्य असू शकते. महसूल खात्याच्या प्रतबंदीत ही सोय नव्हती.

नागपूरच्या संस्थेने राज्याचा जो मृदा नकाशा काढला तो एकास अडीच लाख या प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे अडीच किलोमीटर. जिल्ह्याचे नियोजन करायला तो उत्तम, पण दीड एकराच्या बागेवर बोट ठेवले तर बोटाखाली अख्खे गाव झाकले जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजारच्या नकाशांवर २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा असतात. डोंगर कुठे आणि नाला कुठे हे कळते, पण बागेतला दोन मीटरचा उतार त्या दोन रेषांच्या मधे हरवतो.

उपग्रह आले आणि ही अडचण हळूहळू कमी झाली. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा प्रत्येक ठिपका ७२.५ मीटरचा होता, म्हणजे सव्वा एकराहून मोठा. एका ठिपक्यात एका शेतकऱ्याची पूर्ण बाग, बांध आणि शेजाऱ्याचा थोडा कांदाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. तिचे ३० मीटरचे आकडे २०१४ नंतर सर्वांना फुकट मिळू लागले. दर नऊ गुंठ्यांना उंचीचा एक आकडा, आणि त्यातून उतार, उताराची दिशा, पाणी कुठून कुठे वाहील, हे सगळे निघते. आपल्या कार्टोसॅटची उंचीची माहितीही इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर आली.

२०१५ मध्ये युरोपचा सेंटिनेल-२ए वर गेला, आणि त्याच्या काही पट्ट्यांतला ठिपका बरोबर १० मीटरचा आहे. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस मीटर. विंगेटचा ३३ फूट चौकोन म्हणजे १०१ चौरस मीटर. युरोपातल्या कुणाही इंजिनिअरने इंदापूरचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही, पण त्यांचा ठिपका आणि आपला गुंठा एकच निघाले. आज निफाडचा बागायतदार आपल्या एकरभर बागेकडे अवकाशातून पाहतो, तेव्हा त्याला साधारण चाळीस ठिपके दिसतात. कुठला हिरवा गर्द आहे आणि कुठला फिका, हे त्याला गुंठ्यागुंठ्याने कळते. फिका ठिपका सलग तीन हंगाम त्याच जागी दिसला तर तिथे खाली चुनखडी आहे, पाणी थांबते आहे, किंवा मुरूम फार वर आहे. खुणा त्याच जुन्या, वरून पाहिलेल्या.

आता हे सगळे थर एकावर एक ठेवायचे म्हटले की एक विचित्र अडथळा येतो. उपग्रहाचे चित्र अक्षांश-रेखांशात बसलेले असते. गावनकाशा मात्र साखळी-टिपणांवरून हाताने काढलेला, दीडशे वर्षांत कागद आक्रसलेला, घड्यांवर फाटलेला. त्याची स्कॅन प्रत उपग्रहाच्या चित्रावर बसवली की एका बाजूला बांध जुळतो आणि दुसऱ्या बाजूला गट नंबर शेजाऱ्याच्या विहिरीत जातो. भूमी अभिलेख खाते रोव्हर हे उपग्रहाच्या आधाराने मोजणारे यंत्र घेऊन फेरमोजणी करते आहे, ते त्यामुळेच. दरम्यान ज्या तज्ज्ञाने या तफावतीचा विचार न करता ‘गट नंबरनिहाय योग्यता नकाशा’ म्हणून रंगीत कागद हातात दिला, त्याचे शुल्क थोडे उशिरानेच द्यावे.

नकाशात आणखी एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे तारीख. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली आणि काढणीला आलेल्या बागा झोडपल्या गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये पाऊस थांबेचना. गोडी छाटणी झालेल्या बागांत डावणी या बुरशीच्या रोगाने घड जिरवले, आणि जमीन अतिशय योग्य असलेल्यांचेही तितकेच गेले. बागलाण, देवळा, कळवण भागातले बागायतदार तर मुद्दामच वेळापत्रक मोडतात. पावसाळा संपण्याआधीच छाटणी घेऊन ‘अर्ली’ द्राक्ष डिसेंबरच्या आसपास बाजारात आणतात. हवामानाच्या कुठल्याही योग्यता नकाशाला हे वेडेपण वाटेल, कारण फुलोऱ्यात पाऊस म्हणजे रोगाला आमंत्रण. पण तेव्हा बाजारात दुसऱ्या कुणाची द्राक्षे नसतात आणि भाव दुपटीचा मिळू शकतो. विंगेटने बाजारपेठेचे अंतर मैलांत मोजले होते. बागलाणचा शेतकरी ते आठवड्यांत मोजतो.

२०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्याच्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांची नोंद आणखी वीस वर्षे साठली तर मंडळनिहाय कोणत्या आठवड्यात छाटणी धोक्याची, याचा खराखुरा नकाशा काढता येईल. आज मातीच्या नकाशापेक्षा बागायतदाराला त्याची गरज जास्त आहे.

नकाशावरचे स्थान हा एव्हाना निर्यातीचा परवानाही झाला आहे. युरोपने कीडनाशकांच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे अडवल्यानंतर शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडाने २००६ च्या सुमारास ग्रेपनेट ही प्रणाली आणली. निर्यातीची प्रत्येक बाग तिच्यात नोंदवलेली असते, आणि रॉटरडॅमच्या गोदामातल्या पेटीवरून ती कुठल्या प्लॉटची हे शोधता येते. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन आहे. तरीही त्या हद्दीतल्या कुठल्या गावची कुठली टेकडी कशासाठी चांगली, हे सांगणारा बोनसारखा नकाशा अजून कुणी काढलेला नाही. द्राक्ष बागायतदार संघ, मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि वाईन उत्पादक एकत्र बसले तर ते काम होण्यासारखे आहे. प्रत्येक बागेच्या फवारण्यांची वही आहे, माती-पाणी-देठ परीक्षणाचे कागद आहेत, काढणीची वजने आहेत. हे सगळे वेगवेगळ्या कपाटांत पडून आहे.

तोवर नवी बाग लावणाऱ्याने दोन कामे स्वतः करावीत. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून आपल्या गटाची जुनी प्रतबंदीची नोंद मिळते का पाहावे. ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांची जुनी कागदपत्रे स्कॅन होऊन आली आहेत. मिळाली तर आण्यांकडे नव्हे, दोषांच्या खुणांकडे नीट पाहावे. आणि एप्रिल-मेमध्ये, खुंटरोपे लावायच्या आदल्या उन्हाळ्यातच, उपग्रहाच्या चित्रात रंग बदलतो त्या प्रत्येक जागी मीटरभर खोल खड्डा घेऊन दर फुटाची माती परीक्षणाला द्यावी. खड्ड्याला जेसीबीचे अर्ध्या दिवसाचे भाडे लागते. मांडवाला लाखो रुपये लागतात आणि बाग किमान बारा-पंधरा वर्षे त्याच जागी उभी राहणार असते.